दस्तखत: आपल्या हातचं अक्षर आणि गावाची आठवण

(चंद्रपूर इथं तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला आज कलेबद्दल बोलायला सांगितलं आहे. कला म्हटलं की आपल्याला गॅलरी, फ्रेम, उद्घाटनाची फीत असं काहीतरी आठवतं आणि ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. मी आज ज्या कलेबद्दल बोलणार आहे, तिला एक वही आणि एक पेन पुरतो. विषय आहे हातानं लिहिलेलं अक्षर, त्यात साठलेली आठवण, आणि ती आठवण चारचौघांत मांडली की काय होतं. बोलता बोलता आपण मुंबईहून राजुऱ्याला जाऊ, तिथून धानोऱ्याला, आणि मग आपल्या मोहल्ल्यात येऊ.

आधी एक साधा प्रश्न. परीक्षेचा पेपर सोडून, गेल्या महिनाभरात एक पूर्ण पान हातानं कोणी लिहिलं? फार हात वर आलेले दिसत नाहीत. सही मात्र सगळ्यांनीच केली असेल. बँकेत, कॉलेजात, गॅसच्या पुस्तकावर. म्हणजे आपल्या हातचं अक्षर आता सहीपुरतं उरलंय. त्या सहीला जुन्या मराठीत दस्तखत म्हणतात. दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लिखाण.

लिहिण्याच्या सामानाची मराठी यादी काढून बघा. कागद, कलम, दौत, शाई, दफ्तर, दस्तऐवज, अर्ज, नक्कल. ही सगळी मंडळी फारसी-अरबीतून आली आणि मराठीच्या घरात कायमची राहिली. शाळेत आपण गिरवतो तो कित्तासुद्धा मूळ अरबी. उत्तम अक्षराचा नमुना म्हणून लिहिलेल्या तुकड्याला तिकडे कित्आ म्हणतात. आपल्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून वहीत मांडणारा मुन्शी असतो, तोही फारसीतून आलेला. मुन्शी म्हणजे लिहिणारा. गोंड आणि माडिया पाड्यांपर्यंत हा शब्द पोचलाय. तेव्हा मराठीतून लिहिणं ही आपल्यासाठी परक्याच्या घरातली उसनवारी नाही. या दप्तरात आपला हात पहिल्यापासून आहे.

शंभर हात, शंभर नकाशे

मुंबईत शिल्पा गुप्ता नावाच्या चित्रकर्ती आहेत. जगभर त्यांची कामं दाखवली जातात. २००८ च्या सुमारास त्यांनी एक अगदी सोपं काम केलं. शंभर लोकांना सांगितलं, आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून, हातानं काढा. पुस्तकात बघायचं नाही. पुढे हाच प्रयोग त्यांनी इतर देशांतही केला.

आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलाच्या पेपरला नकाशा काढलेला आहे. तरीही आठवणीतून काढायला बसलो की हात अडखळतो. गुजरातचा फुगवटा कुठे येतो? ईशान्येकडचा तो चिंचोळा भाग किती चिंचोळा? कोणी श्रीलंका विसरतं, कोणाचा देश लांबट होतो, कोणाचा गोल. शंभर नकाशांत दोन एकसारखे निघत नाहीत. छापील नकाशात सरकारची रेघ असते. हातानं काढलेल्या नकाशात ती रेघ माणसाच्या मनात कशी उमटली आहे ते दिसतं.

या कामात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, कलाकारानं स्वतः फार काही काढलेलंच नाही. तिनं प्रश्न विचारला, कागद पुढे केला आणि सगळ्यांचे हात एकत्र मांडले. काम लोकांनी केलं. दुसरी, कोणाच्याही नकाशावर लाल पेनानं चूक म्हणून खूण झाली नाही. आठवण चुकते, पण ती कुठे चुकते आणि कुठे पक्की असते हे बघण्यासारखं असतं. एका माणसाच्या नकाशावरून देश कळत नाही. शंभर नकाशे शेजारी ठेवले की त्यांच्यात समान काय आहे ते उठून दिसतं.

ही पद्धत लक्षात ठेवा. एक प्रश्न, अनेक हात, सगळं सगळ्यांसमोर. ती आपल्याला पुढे लागणार आहे.

सास्तीचा कोळसा

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. राजुरा तालुक्यात सास्ती नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणीमुळे ते तुम्हाला माहीत असेल. त्याच गावाचा मुलगा प्रभाकर पाचपुते, जन्म १९८६. घरातल्या पिढ्या खाणीत राबल्या. तो खैरागढच्या कला विद्यापीठात शिकला, मग बडोद्याला गेला. २०१२ साली मुंबईत क्लार्क हाउस इथं त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्यानं चित्रासाठी हातात काय घेतलं? कोळसा. ज्या वस्तूनं गावाची जमीन पोखरली, तीच वस्तू बोटांत धरून तो थेट भिंतीवर काढत गेला. त्याच्या चित्रांत खाणकामगार असतो, पण कधी त्याच्या डोक्याच्या जागी दिवा असतो, कधी अवजार. कामानं माणसाचं काय केलं ते एका नजरेत कळतं.

२०२१ मध्ये त्याला वेल्समधला आर्टेस मुंडी हा मोठा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी तो सहाही कलाकारांत वाटून देण्यात आला. वेल्स हाही कोळशाचा मुलूख. तिथल्या खाणकामगारांच्या संघटनांचे रंगवलेले झेंडे-फलक प्रसिद्ध आहेत. पाचपुत्यानं तिथं आपल्या खाणीची आणि त्यांच्या खाणीची आठवण एका कापडावर आणली. सास्तीचा माणूस कार्डिफच्या माणसाशी बोलू शकला, कारण दोघांच्या घरात तीच काळी धूळ होती.

पण त्याच्या भिंतीवरच्या चित्रांची एक अडचण आहे. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी होते. चित्र पुसलं जातं. कलेत हे चालतं, कधी कधी तेच हवं असतं. गावाच्या बाबतीत मात्र पुसलं जाणं फार महाग पडतं. खाणीसाठी जमीन गेली, तिच्यावरची विहीर गेली, कबरस्तान गेलं, आणि ते कुठे होतं हे सांगणारे म्हातारेही गेले, तर तिथे काही होतं याचा पुरावा काय?

आठवण पुरावा कशी होते

याच प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी शोधलं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार, ही घोषणा याच गावाची. पण घोषणेच्या मागे जे कंटाळवाणं काम होतं ते मला जास्त शिकण्यासारखं वाटतं. या गावानं अभ्यास गट चालवला. लोक बसायचे, कायदा वाचायचे, चर्चा करायचे, आणि निर्णय बहुमतानं न घेता सर्वसहमतीनं घ्यायचे. एकालाही पटलं नाही तर थांबायचे. ग्रामसभेत ठरलेलं लिहून ठेवायचे.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणारा हा कायदा. २००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला आणि गावानं आपल्या जंगलाचे नियम स्वतः बसून लिहिले.

आता कायद्याच्या नियमांतला एक भाग नीट ऐका. दाव्यासोबत किमान दोन प्रकारचे पुरावे जोडायचे असतात. कोणते पुरावे चालतात त्याची यादी नियम १३ मध्ये आहे. त्यात सरकारी कागद आहेत, मतदार ओळखपत्र आहे, घरपट्टीची पावती आहे. जुन्या संस्थानांची कागदपत्रं आहेत. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा जुन्या खुणा आहेत. वंशावळ आहे. आणि यादीत आणखी एक गोष्ट आहे: दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचं निवेदन, लिहून घेतलेलं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं असंही म्हटलंय की अमुकच कागद आणा असा हट्ट अधिकाऱ्यांनी धरायचा नाही.

म्हणजे काय झालं? म्हातारीच्या तोंडातली गोष्ट कागदावर उतरली, ग्रामसभेत मांडली गेली, की कायद्याच्या नजरेत तो पुरावा होतो. तिला लिहिता येत नसेल, पण तिच्या सासऱ्यानं कोणत्या वर्षी कोणत्या नाल्याजवळ मोहफुलं वेचली हे तिला माहीत आहे. जंगलाची हद्द ठरवतानाही हेच होतं. गावातली जाणती माणसं पुढे चालतात. या टेकडीपासून त्या नाल्यापर्यंत, त्या मोठ्या झाडापर्यंत. मग कोणीतरी नकाशा काढतं. शिल्पा गुप्तांच्या शंभर नकाशांची आठवण झाली ना? तिथे आठवणीतला नकाशा कलाकृती झाला, इथे तो दाव्याचा भाग झाला.

हे आपल्याशी कसं जोडलेलं आहे? कायद्यातला इतर पारंपरिक वननिवासी हा शब्द धरा. आदिवासी नसलेली, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारी सगळी माणसं त्यात येतात. दलित, ओबीसी, आणि आपलीही काही घरं. त्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. हिशेब करा. १९३० सालापासूनचं सांगायचं आहे. १९३० मध्ये कोणाच्या घरात रेशन कार्ड होतं? कोणाचा जन्मदाखला होता? तिथे विहीर, कबरस्तान, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन एवढाच आधार उरतो. आणि १९३० ची गोष्ट ज्यांनी आपल्या आई-बापाकडून ऐकली, ती माणसं आज ऐंशी-नव्वदीची आहेत. आपल्याकडे फार वर्षं नाहीत.

राजुऱ्याचं दफ्तर

एक गोष्ट आपल्याच हातून होण्यासारखी आहे, म्हणून ती वेगळी सांगतो. आजचे राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादच्या सरकारी दफ्तराची भाषा उर्दू होती. या भागातल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादा जुना उर्दू कागद सापडला तर नवल नाही. तो गोंड घरात असेल, कुणब्याच्या घरात असेल, मुसलमानाच्या घरात असेल. घरच्यांना तो वाचता येत नाही. लिपी बघून काहीजण त्याला धार्मिक कागद समजतात आणि जपून ठेवतात, पण आत काय आहे ते कळत नाही. कदाचित जमिनीची पावती असेल.

नियम १३ मध्ये संस्थानी कागद पुरावा म्हणून चालतात हे आत्ताच सांगितलं. जिवतीत तर प्रश्न आणखी गुंतलेला आहे. सीमेवरच्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, आणि तिथल्या अनेक घरांत दोन्ही राज्यांची कार्डं आहेत. कागद भरपूर आहेत, तरी आपण कुठले हे सांगताना माणूस अडतो.

उर्दू शाळेत शिकलेल्या मुला-मुलींना ही लिपी येते. जुनं घसटलेलं हस्ताक्षर, ज्याला शिकस्ता म्हणतात, ते वाचणं अवघड असतं. पण कोणीतरी जुने मौलवी, निवृत्त शिक्षक, एखादे वकील यांच्याजवळ बसून ते शिकता येतं. गावातल्या आदिवासी किंवा दलित शेजाऱ्याचा कागद आपण वाचून दिला, तर त्याच्या दाव्याला आधार मिळेल. मुसलमान तरुण आणि त्याचा शेजारी यांच्यात एकतेच्या भाषणांनी जे होत नाही ते अशा एका कामानं होतं. जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी वाचणारेही आता थोडेच उरलेत. ज्याला जमेल त्यानं तीही शिकावी.

उर्दू हस्ताक्षराची परंपरा आपल्या डोळ्यांसमोर आटली आहे. एकेकाळी उर्दू वर्तमानपत्र म्हणजे कातिबांनी हातानं लिहिलेलं पान. १९८० च्या दशकात नूरी नस्तालीक संगणकावर आलं आणि हळूहळू कातिबांचं काम गेलं. चेन्नईचं द मुसलमान हे १९२७ साली सुरू झालेलं दैनिक मात्र त्यानंतरही अनेक वर्षं हातानंच लिहिलं जात राहिलं. ते लिहिणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. आणि राजुऱ्यापलीकडे आदिलाबादच्या बाजूला गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथं गोंडी लिपीतली हस्तलिखितं मिळाली. घरात जपलेल्या त्या पानांमुळे आज ती लिपी युनिकोडमध्ये आहे, मोबाइलवर लिहिता येते. कोणीतरी ती पानं रद्दीत घातली असती, तर आज लिपीच नसती.

लेखणी कोणाच्या हातात

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. लिहिलेलं सगळं पवित्र असतं असं नाही. लेखणीनं गरिबांचं नुकसानही पुष्कळ झालंय. फळीवर ७० पानांचा पुडा मोजला जातो. मजूर बाईनं किती पुडे दिले हे तिच्या डोक्यात असतं, आणि मुन्शीच्या वहीत दुसराच आकडा असू शकतो. भांडण झालं तर वही जिंकते. सावकाराच्या कोऱ्या कागदावर उमटलेले अंगठे आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेत. म्हणून लिहून ठेवा एवढंच सांगून भागत नाही. लिहिणारा कोण, कोणासमोर लिहिलं, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते वाचून दाखवलं का, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

आपल्या परंपरेत याचं भान जुनं आहे. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय. नमाज-रोज्यांइतकंच एका साध्या कागदाच्या प्रामाणिकपणालाही तिथं महत्त्व आहे.

कागदाचंच बोलायचं तर आणखी एक. बल्लारपूरच्या पेपर मिलचा कागद आपण सगळ्यांनी वापरलाय. १९४५ साली स्थापन झालेली ती कंपनी. त्या कागदासाठी बांबू कुठून यायचा? याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून. ज्या गावांचा बांबू कागद होऊन देशभर गेला, त्या गावांना स्वतःचा बांबू विकायचा अधिकार नव्हता. जुन्या वनकायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं, वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनउपज म्हटलं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा-लेखाला आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक परवाना पुस्तक, तेही कागदाचंच. पण त्यावर सही आता वनखात्याऐवजी गावाची होणार होती. माझ्या मते या संपूर्ण लढ्याचं सार त्या दस्तखतात आहे.

एका ओळीतली फातिमा

कोणी म्हणेल, हे जमिनीचं झालं. माणसांच्या आठवणीचं काय? तर फातिमा शेख यांचं उदाहरण घ्या. सावित्रीबाईंच्या सहकारी, मुलींना शिकवणाऱ्या. त्यांच्याबद्दल आपल्याला किती माहिती आहे? फार थोडी. जो काही समकालीन आधार आहे, त्यात सगळ्यात मोलाचं आहे सावित्रीबाईंचं एक पत्र. १० ऑक्टोबर १८५६ ला, आजारपणात माहेरी, नायगावला असताना जोतिरावांना लिहिलेलं. त्यात त्या म्हणतात की माझ्या मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एवढंच. आडनावसुद्धा नाही. पण त्या एका ओळीतून एक बाई दिसते: कामाची, सहनशील, विश्वासातली.

फातिमा होत्या की नव्हत्या यावर आज लोक वाद घालतात. त्यांनी स्वतः लिहिलेलं एखादं पान, एखादी हजेरी-वही, एखादं पत्र उरलं असतं तर हा वाद झालाच नसता. मैत्रिणीच्या हातच्या एका ओळीनं त्यांना वाचवलं. मी मुलींना मुद्दाम विचारतो, तुमच्या आजीबद्दल अशी एक तरी ओळ कुठे लिहिलेली आहे का? तिचं पूर्ण नाव घरात कोणाला नीट लिहिता येतं का? आपल्या नावांची कागदावर काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे. एकाच माणसाचं एका कार्डावर शेख, दुसऱ्यावर सेख, तिसऱ्यावर शेक. बाईच्या नावापुढे बी लागतं, गळतं, पुन्हा लागतं. कार्यालयातला माणूस ऐकेल तसं लिहितो. घरात आधी आपणच ते एकदा नीट लिहून ठेवलेलं असेल तर त्याला दाखवता तरी येतं.

वही कशी करायची

आता कामाचं बोलू. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक गावात एक वही सुरू करा. महागडी नको. जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानं सुटणार नाहीत अशी.

प्रश्न एकच ठेवा. उदाहरणार्थ, तुमच्या भागातली सगळ्यात जुनी विहीर, झाड किंवा कबर कोणती, आणि ती तुम्हाला पहिल्यांदा कोणी दाखवली? असा प्रश्न विचारला की माणूस आपोआप ठिकाण, नाव आणि काळ सांगतो. मोठं भाषण मागू नका.

ज्याला लिहिता येतं त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं. मराठीत, उर्दूत, हिंदीत, तेलुगूत, गोंडीत, जसं येईल तसं. शुद्धलेखन तपासू नका. ज्याला लिहिता येत नाही त्याचं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानं मान डोलावल्यावरच सही किंवा अंगठा घ्या. खाली तारीख, गाव, लिहून घेणाऱ्याचं नाव आणि ऐकणाऱ्या दोघांच्या सह्या. कोऱ्या पानावर कोणाचाही अंगठा घ्यायचा नाही, कधीच नाही.

सोबत एक नकाशा काढून घ्या. आठवणीतला. मशीद कुठे, हातपंप कुठे, नाला कुठून वाहायचा, बाजार पूर्वी कुठे भरायचा. दहा माणसांचे दहा नकाशे झाले की ते शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर लावा. सगळ्यांना बोलवा, बायकांना आवर्जून, शेजारच्या समाजाच्या लोकांनाही. कोणाला दुरुस्ती सुचली तर आधीचं खोडू नका, शेजारी वेगळ्या शाईनं लिहा. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही राहू देत. मतभेद दिसू देणारी वही लोकांना खरी वाटते.

काही जण विचारतील, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तर नाही का चालणार? जरूर करा, दोन्ही करा. पण मोबाइल हरवतो, बदलतो, मेमरी भरली की पुसला जातो. हातानं लिहायला वेळ लागतो, आणि त्या वेळात सांगणारा आठवत राहतो. शिवाय निवेदन कुठे सादर करायचं झालं तर शेवटी सही केलेला कागदच लागतो.

दोन गोष्टी सांभाळा. सह्यांचे आणि अंगठ्यांचे फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत, त्यांचा गैरवापर होतो. आणि एखाद्यानं सांगितलं की हे लिहू नका, तर लिहायचं नाही. आठवण त्याची आहे. मूळ कागद त्याच्या घरी राहू द्या, वहीत नक्कल ठेवा. वनहक्काचा दावा करायचा असेल तर हेच निवेदन रीतसर वनहक्क समितीपुढे, ग्रामसभेत मांडावं लागेल. वही ही त्याची पूर्वतयारी आहे, दावा नव्हे.

माडिया लोक आपल्या मृतांच्या आठवणीसाठी दगड उभे करतात. त्यांना अक्षराची गरज पडली नाही, दगड बघून गाव ओळखतं. पण आज दगडाशेजारी उभं राहून तो कोणाचा हे सांगणारा माणूसही लागतो, आणि त्याचं सांगणं कागदावरही लागतं. आपल्या जुन्या कबरस्तानांचंही तसंच आहे. पुष्कळ कबरींवर नावं नाहीत. कोणाची कोणती हे काही म्हाताऱ्यांनाच माहीत आहे.

म्हणून पहिलं पान कबरस्तानाचं करा. येत्या रविवारी गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाला, चालवत असेल तर हात धरून, तिथं घेऊन जा. चालवत नसेल तर घरीच खाटेशेजारी बसा आणि नकाशा काढायला सांगा. त्या भागात आदिवासींची, इतर शेजाऱ्यांची दफनाची जागा असेल तर त्यांच्या वडीलधाऱ्यांनाही त्याच दिवशी विचारा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकानं एक पान आणायचं आहे. छापलेलं चालणार नाही.